पेला आणि पुठ्ठा

२ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना रबराचा वास येतो आणि वर पोचल्यावर चहाचा. दोन खोल्या, पाच टेबलं, एक एसी आणि त्याच्या खाली बादली. बादली भरली की ज्याचं लक्ष जाईल त्याने ती ओतायची, हा इथला एकमेव लेखी नियम. भिंतीवर चिकटवलेला आहे.

इथे व्हिडिओ गेम बनवतात. सध्याच्या गेमचं नाव 'तळघर'. खेळणारा एका बंद घरात उतरतो. तिथे एकाखाली एक अशी चार तळघरं आहेत आणि प्रत्येकात शत्रू वेगळा: झुरळं, गोमा, विंचू आणि सगळ्यात खाली कोळी. खेळणाऱ्याच्या हातात टॉर्च आणि एक जाडजूड बूट. गोम वळते कशी, विंचू नांगी केव्हा उचलतो, हे मी सांगायचं. चित्रकार ताईंनी ते काढायचं आणि प्रोग्रामरने ते हलवायचं.

मालकांना पाठीमागे सगळे कप्तान म्हणतात, तोंडावर सर. ते म्हणाले, "वरची तीन तळघरं होत आली आहेत. चौथं तुमच्याकडे. तीन महिन्यांत ते जमलं तर तुमची जागा पक्की. नाही जमलं तर तीनच तळघरांचा गेम काढू, आणि मग तुमचं... बघू."

हा 'बघू' मी घरी सांगितला नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आई पडदे शिवते, दादा मोबाईल दुरुस्त करतो. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि पदवी कसली, तर प्राणिशास्त्राची. शेजारच्या काकू निकालाच्या दिवशी म्हणाल्या होत्या, "म्हणजे डॉक्टर?" मी नाही म्हटलं. "मग जनावरांची डॉक्टर?" दादा म्हणाला, "नाही काकू, झुरळांची पदवीधर." तेव्हापासून घरात तेच नाव चिकटलंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज कोळी दाखवला. त्याला सहा पाय होते आणि तो डरकाळी फोडत होता.

मी म्हटलं, "कोळ्याला आठ पाय असतात. तो कीटकच नाही."

चित्रकार ताई म्हणाल्या, "अगं, आठ हलवायला आठ दिवस लागतात."

"आणि कोळी ओरडत नाही."

प्रोग्रामरचा चेहरा पडला. ती डरकाळी म्हणजे त्याची स्वतःची जांभई होती, संथ करून ताणलेली. गोल चष्म्यामुळे त्याला सगळे घुबड म्हणतात. तो म्हणाला, "एवढी सुंदर जांभई मला परत यायची नाही." तरी काढून टाकली. विंचवाला देऊ का, असं विचारत होता. विंचूही ओरडत नाही, म्हटलं.

कप्तान माझ्या टेबलापाशी आले की चष्मा काढतात आणि स्क्रीनकडे बघून "छान, छान" म्हणतात. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांवरचं दिसत नाही, हे ताईंनीच सांगितलं. माझं काम नीट बघायचीही त्यांना गरज वाटत नाही, याचं वाईट वाटलं. वरची तीन तळघरं ते नाकाला चष्मा लावून तपासतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आल्यावर तहान लागली होती म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवरचा काचेचा पेला काढला. आई शिवणयंत्रावरून ओरडली, "तो नको!" इतक्या जोरात की सुई पडद्यातच अडकली.

"का? काय झालं त्याला?"

"काठ फुटलाय. ठेव जागेवर."

काठाला तडासुद्धा गेलेला नाही. पेल्याखाली कॅलेंडरचा कापलेला पुठ्ठा होता, तोही तिने तसाच ठेवायला लावला. प्रत्येक घरात अशी एक वस्तू असते बहुतेक, जिचं कारण विचारायचं नसतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईसाहेबांना ऑफिसात आणलं. बाईसाहेब म्हणजे घरात आढळणाऱ्या मोठ्या कोळ्याची मादी. जाळं विणत नाही, भिंतीवर चपटी बसते, पाय पसरले की तळहाताएवढी होते. मोठ्या बरणीत ठेवली आहे. खरी समोर असली की ताईंना पाय काढायला सोपं जाईल, हा हेतू. ताईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, पण आता सांधे मोजून चित्र काढतात.

घुबडाने दुपारी एक काडेपेटी टेबलावर ठेवली. आत झुरळ, जिवंत. "खाली जिन्यात सापडलं. तुझ्या बाईसाहेबांना चालेल का?" मी आभार मानले.

कप्तानांनी आपलं टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं. एसीचा वारा लागतो म्हणाले. एसी दुसऱ्या बाजूला आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा काडेपेटी. जिन्यात एवढी झुरळं कुठून येतात?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चौथं तळघर तयार झालं. मी कोळ्याला खऱ्यासारखं वागायला लावलंय. तो अंगावर धावून येत नाही. भिंतीवर बसून राहतो. जमिनीचा कंप त्याच्या पायांना कळतो, म्हणून खेळणारा चालला की तो अगदी थोडं वळतो, आणि टॉर्च दुसरीकडे फिरवून परत आणली की जागेवर नसतो. बस्स, इतकंच.

खेळून बघायला बाहेरची माणसं बोलावली. खालचे टायरवाले काका तीन तळघरं बूट आपटत, आरडाओरडा करत उतरले. चौथ्यात कोळी दिसला. काका थांबले, कोळी थांबला.

"अडकला वाटतं तुमचा गेम," काका म्हणाले.

"नाही काका. बघतोय तो."

काकांनी टॉर्च जरा बाजूला केली, परत आणली. भिंत रिकामी. काकांनी कंट्रोलर खाली ठेवला, "गिऱ्हाईक आलं," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले. खाली गिऱ्हाईक नव्हतं. त्यानंतर आलेल्यांपैकी कुणीही चौथं तळघर पार केलं नाही. बूट उगारायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जायला कुणी तयार नाही.

मला आधी आनंद झाला, मग काळजी वाटायला लागली. जे तळघर कुणीच खेळत नाही ते जमलं म्हणायचं का?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कप्तानांनी बोलावलं. माझ्याकडे न बघता, खिडकीतून बघत म्हणाले, "एक सोय करा. कोळी कमी भीतिदायक करायची सोय. सेटिंगमध्ये. काही लोकांना... असतं तसं."

"सर, पण खरी माहिती मिळाली तर भीती जाते. लोकांना कोळी समजावून सांगायला पाहिजे."

"समजून सगळं आहे हो," ते म्हणाले. मग घाईने, "म्हणजे त्यांना. त्या लोकांना."

शेवटी म्हणाले की ऑफिसात जिवंत प्राणी नकोत, इमारतीचा तसा नियम आहे. असा नियम मी कुठे वाचला नाही, पण बरणी घरी आणली. त्यांना माझं काम मनापासून आवडत नाही, हे आता स्पष्ट आहे.

आईला विचारलं, कुठे ठेवू. "तुझ्या खोलीत खिडकीत ठेव. झाकण नीट लाव. त्याच्यावर तुझा तो जाडा शब्दकोश ठेव." मग बरणीवर तिने पडद्याचं उरलेलं कापड टाकलं, लांबून, फेकूनच. आईला नीटनेटकेपणा लागतो.

कॉलेजच्या दिवसांसारखंच वाटलं. तेव्हा खोलीत सगळीकडे बरण्या असायच्या. आई झाडायला यायची ती मोठ्याने गाणं म्हणत. तेव्हापासून तिला ती सवयच लागली आहे, आजही माझ्या खोलीत शिरताना गाते. आवाज काही खास नाही, पण हौस दांडगी.

३ मार्च, मंगळवार

भीती कमी करायची तर ती कशात आहे ते आधी कळायला हवं. मला स्वतःला कधीच वाटली नाही, हीच माझी अडचण आहे. म्हणून सगळ्यांना विचारत सुटले.

चित्रकार ताई: "पाय. एकामागून एक हलतात ना, ते."

घुबड: "दिसतो तोवर काही नाही. दिसेनासा झाला की." हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तो पुढे म्हणाला, "माणसांचंही तसंच असतं," आणि चष्मा पुसायला लागला. त्याचा काय संबंध ते कळलं नाही.

दादा: "मी कुणाला भीत नाही." त्याच वेळी त्याच्या मानेला पंख्याची दोरी लागली आणि तो खाटेवर चढला.

बाबा: "मला फक्त तुझ्या आईची भीती वाटते."

आईला विचारलं तर म्हणाली, "मला कुठला वेळ आहे भ्यायला." ती दारातच उभी होती. मग बरणीकडे मान करून म्हणाली, "पोटाखाली ते पांढरं काय धरलंय हिनं? पिशवी ना?"

खरंच! बाईसाहेबांनी अंडी घातली होती, चपट्या पिशवीत, आणि ती पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. मी सकाळपासून तीन वेळा पाहिलं आणि मला दिसलं नाही, आईला दारातून दिसलं. "किती दिवसांत फुटते?" आईने विचारलं. तीनेक आठवडे धर, म्हटलं. "झाकणाची भोकं बारीक आहेत ना?" हेही विचारलं. शिकायला मिळालं असतं तर ही बाई संशोधक झाली असती.

१२ मार्च, गुरुवार

सोय तयार झाली. स्क्रीनवर एक पट्टी आहे. ती एक घर सरकवली की कोळ्याचे केस जातात, मग पाय आखूड होतात, मग दिसेनासे होतात. शेवटच्या घरावर तो राखाडी चेंडू होतो आणि भिंतीवरून घरंगळतो. तो करताना मला रडू आलं. आठ डोळ्यांच्या, रेशीम काढणाऱ्या, अंड्यांसाठी उपाशी राहणाऱ्या जिवाचा आपण चेंडू केला.

आणि चाचणीत लोक चेंडूला हसले. बूट मारून त्याचा फुटबॉल खेळले. पट्टी पुढे असली की हसतात आणि मागे असली की पळतात. मधल्या कुठल्याही घरावर कुणी खेळत नाही.

कप्तान म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत बघू. नाहीतर तीनच तळघरं." काडेपेटी मात्र आजही आली. अंडी धरल्यावर बाईसाहेब फारसं खात नाहीत, हे घुबडाला मी दोनदा सांगितलंय. तरी आणतो.

घरी अजून काही सांगितलेलं नाही. बाबा काल लिफ्टमधल्या एका साहेबांना म्हणत होते, "मुलगी गेम बनवते, शास्त्रीय." नोकरी गेली तर त्यांना काय तोंड दाखवू?

१५ मार्च, रविवार

आज सगळं लिहून ठेवते, नाहीतर खरं वाटणार नाही.

लॅपटॉप घरी आणला होता. विचार असा की भिणाऱ्यांवर चाचणी झाली, आता अजिबात न भिणाऱ्या माणसावर करावी, म्हणजे फरक कळेल. अशी एकच व्यक्ती मला ठाऊक होती. आईला खुर्चीत बसवलं आणि पट्टी एकदम मागे ठेवली. पूर्ण कोळी, केसांसकट.

"खेळायलाच पाहिजे का?" आई म्हणाली.

"माझ्या नोकरीसाठी, आई."

मग तिने पदर खोचला आणि हात पुढे केला. कंट्रोलर कसा धरायचा ते शिकवलं. दादा मागे उभा राहून ओरडत होता, "मार! बूट मार! आई, तू चपलेनं मला मारायचीस तशी मार!" वरची तीन तळघरं त्याने तिला पार करून दिली. चौथ्यात ती एकटी उतरली.

कोळी समोरच्या भिंतीवर होता. आई थांबली. तिने बूट उचलला नाही आणि मागेही फिरली नाही. टॉर्च कोळ्यावरून काढून कोपऱ्यांतून फिरवायला लागली. फळीवर, पेटीत, जिन्याखाली.

"काय शोधतेस?"

"पेला."

"कसला पेला?"

"अगं, पेला. आणि पुठ्ठा. एवढ्या मोठ्या घरात एक पेला नाही ठेवला तुम्ही?"

"आई, त्याला मारायचंय."

"तुझे आहेत ना," ती म्हणाली. "मारू कशी?"

मला काहीच कळेना. तेव्हा तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि सांगितलं. स्क्रीनकडे पाठ करून. मी दुसऱ्या वर्षाला असताना, परीक्षेच्या दिवसांत, एका बरणीतली पिशवी फुटली. झाकणाला मी मोठी भोकं पाडली होती. मी पेपरला गेलेली. आई झाडायला आली तर भिंतभर पिल्लं.

"मग?"

"मग काय. एकेकावर पेला ठेवायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा, परत बरणीत. दुपार त्यातच गेली. त्या दिवशीच्या पडद्यांचं गिऱ्हाईक तसंच परत गेलं. पुढेही एखाददुसरा निसटायचाच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी पेपर होता तुझा."

"आणि तुला भीती नाही वाटली?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला तिचं नाव विचारलं. "अगं, कोळ्याचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो माझ्या. लहानपणापासून."

दादाचं हसू थांबलं. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "लग्न झालं तेव्हापासून मला माहीत आहे."

"मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

"तू बरण्या बंद केल्या असत्यास," आई म्हणाली.

मी तिचे हात बघितले. कंट्रोलर धरलेल्या जागी घामाचे ठसे होते. मला झुरळाच्या मिशीची हालचाल खोलीपलीकडून दिसते. हे हात मी रोज बघते.

जरा वेळाने विचारलं, "मग ते गाणं?"

"आवाज केला की ते बाजूला सरकतात, असं मला वाटायचं. सरकतात ना?"

खोटं सांगवेना. "नाही गं. कंप जाणवला की ते जागच्या जागी थबकतात."

"म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना थांबवून ठेवत होते?"

"हो."

आई इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मीही हसले. माझं हसणं मध्येच दुसरंच काहीतरी झालं, तेव्हा ती म्हणाली, "आता रडू नकोस. आधी त्या घरात एक पेला ठेव."

१६ मार्च, सोमवार

ऑफिसात सांगितलं: चौथ्या तळघरात बूट नको. पेला आणि पुठ्ठा ठेवायचा.

घुबड म्हणाला, "शत्रूला मारायचंच नाही? मग त्याला शत्रू कशाला म्हणायचं?"

"भीती वाटते म्हणून."

त्याने थोडा विचार केला. "पण बूट मारला की संपतं. पेला ठेवला की तो आतून दिसत राहणार."

"तेच तर."

कप्तानांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि पेल्यात घेतल्यावर?"

"वर न्यायचा, सर. चारही तळघरं चढायची आणि दाराबाहेर सोडायचा."

"हातात धरून?"

"हातात धरून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "करा," म्हणाले.

माझ्या कामाविषयी त्यांचं मत अजून कळत नाही. पण आज त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

२७ मार्च, शुक्रवार

पेला झाला. काचेवर कोळ्याच्या पायांचा बारीक टकटक आवाज येतो, तो घुबडाने नखांनी केला. जांभईपेक्षा चांगला आहे, असं त्याला सांगितलं. फार खूश झाला.

दुपारी कप्तान स्वतः माझ्या टेबलाशी आले. "मी खेळतो. तुम्ही शेजारी बसा." बसल्यावर म्हणाले, "जरा जवळ बसा."

चष्मा काढला नाही. पट्टी मागे केली, पूर्ण कोळी. मी या वेळी स्क्रीनकडे कमी आणि हातांकडे जास्त बघत होते. बोटं बटणापर्यंत जायची आणि न दाबताच मागे यायची. चष्मा, हलवलेलं टेबल, खिडकीतून बघणं, इमारतीचा तो नियम, सगळं एकदम माझ्या डोक्यात ओळीने उभं राहिलं. दोन महिने मी हे सगळं स्वतःच्या अपमानाच्या खात्यात टाकत होते.

त्यांनी कोळ्यावर पेला ठेवला. पुठ्ठा सरकवताना पहिल्यांदा चुकले, कोळी निसटला, आणि त्यांच्या तोंडून चक्क "आई गं" निघालं. ताई आणि घुबड दोघंही स्वतःच्या स्क्रीनमध्ये एकदम गढून गेले. दुसऱ्यांदा जमलं. मग जिना. पेला हातात, काचेला लागून तो, अगदी जवळून. विंचवांच्या तळघरात त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, पाणी प्यायले. परत उचलला. गोमा, झुरळं. दार. पेला आडवा केला. कोळी बाहेर आला, सावकाश गवतात चालत गेला.

"गेला?"

"गेली, सर. मादी आहे ती."

ते हसले. एवढं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. "हा गेम करायला घेतला तेव्हा वाटलं होतं, बनवला की भीती जाईल."

"गेली?"

"छे हो," म्हणाले, उठले आणि बादली ओतायला निघाले. ती अर्धीसुद्धा भरली नव्हती. दारातून वळून म्हणाले, "आणि ते विंचवांचंही बघा काहीतरी. बूट नको तिथेही. दोन महिने लागतील ना?"

माझे तीन महिने तर एका महिन्यात संपतात. मी घुबडाला हळूच विचारलं, "याचा अर्थ जागा पक्की?"

"वेडी आहेस का," तो म्हणाला, "दुसरा काय अर्थ?"

२८ मार्च, शनिवार

उद्या बाईसाहेबांना सोडायचं ठरवलंय. पिशवी आता कधीही फुटेल, आणि आईला दुसऱ्यांदा ती दुपार नको. घुबडाला सांगितलं, आता झुरळं नकोत. त्याने हातातली काडेपेटी परत खिशात ठेवली. मग म्हणाला, "दुसरं काही पाळणार आहेस का?" प्राण्यांविषयी इतकी आस्था असलेला प्रोग्रामर मी पाहिला नाही.

२९ मार्च, रविवार

सकाळी बरणी उचलली तर आई दारात. गाणं न म्हणता आली होती, म्हणून मी दचकले.

"बरणी आडवी केलीस तर उडी मारेल. पेल्यात घे," म्हणाली. वरच्या फळीवरचा पेला आणि पुठ्ठा तिच्या हातात होता.

"दे, मी घेते."

"तुला नाही जमायचं. तू कधी पकडलायस का पेल्यात? तू तर हातानं उचलतेस."

ते खरंच होतं. मी झाकण काढलं, बाईसाहेब पिशवी सांभाळत भिंतीवर आल्या. आईने श्वास घेतला आणि पेला ठेवला. पाय अडकू नये म्हणून काठ आधी किंचित उचलून, मग टेकवून. पुठ्ठा सरकवला. खालून पुठ्ठ्याला तळहात लावून तो घट्ट दाबून धरला. मी घ्यायला हात पुढे केला, तर तिने मान हलवली. बाबांनी दार उघडून धरलं. दादा खाटेवर उभा होता.

जिना उतरून आम्ही मागच्या भिंतीपाशी गेलो. मी तिच्या शेजारी चालले, अगदी जवळून. तिने पेला आडवा केला. बाईसाहेब थोडा वेळ आतच बसल्या, मग भिंतीच्या फटीकडे गेल्या.

"गेली?" आई म्हणाली. तिने डोळे मिटले होते.

"गेली."

तिने डोळे उघडले, फट नीट पाहून घेतली आणि पेला माझ्या हातात दिला.

"धुऊन वर ठेव," म्हणाली. "आणि त्यात पाणी पिऊ नकोस."